खुळखुळ्याचा आवाज येतोय का?

आमच्या वाद्यवृंदाची पहिली ऑनलाइन तालीम चाळीस मिनिटं चालली. फुकटात तेवढीच चालते. त्या चाळीस मिनिटांतली एकतीस मिनिटं ‘आवाज येतोय का?’ हे एकच पद झालं. आधी ते निवेदकांनी म्हटलं, मग बासरीवाल्यांनी, मग दोन्ही वहिनींनी, मग सगळ्यांनी मिळून. ‘येतोय, येतोय’ असं उत्तरही सगळ्यांनी दिलं, पण उत्तर देणाऱ्यांचेच माइक बंद असल्यामुळे नुसते ओठ हलताना दिसले. उरलेल्या नऊ मिनिटांत व्हायोलिनवाल्या काकांच्या घराचं छत पाहिलं. छताला ओल आली होती. ती कुणाच्या बाथरूममधून येत असावी यावर चर्चा अगदी रंगात आलेली असताना मीटिंग संपली. त्या संध्याकाळी अकरा जण एकाच वेळी एकाच गोष्टीवर बोलले एवढंच काय ते सामुदायिक झालं.

मी या वाद्यवृंदात खुळखुळा वाजवतो. हे वाक्य मी इतक्या सहज लिहू शकतो त्यामागे नऊ वर्षांची साधना आहे. सुरुवातीला कुणी विचारलं तर मी ‘तालवाद्य’ म्हणत असे. ‘कोणतं?’ असा पुढचा प्रश्न आला की ‘साइड रिदम’ म्हणत असे. त्यावरही कुणाचं समाधान झालं नाही तर बायको मागून सांगत असे, “खुळखुळा हो. नातवाचा आहे तसाच, जरा मोठा.” बँकेत तेहतीस वर्षं चलनांवर शिक्के मारल्यामुळे माझं मनगट आधीच तयार होतं. निवृत्तीनंतर मी या मंडळींत शिरलो तो खुर्च्या मांडायला आणि चहाचं बघायला. एका कार्यक्रमाला खुळखुळेवाला आला नाही, तेव्हा संयोजक म्हणाले, “तुम्ही हलवा. फक्त फार हलवू नका.” ते कार्यक्रमाचं तात्पुरतं काम होतं. त्यानंतर मी एकही कार्यक्रम चुकवला नाही, कारण आपण चुकवला तर काय होतं हे मी पाहिलेलं होतं.

वाद्यवृंदाला नाव नाही. होतं, पण त्यात ‘सूर’ हा शब्द असावा म्हणणारे पाच आणि ‘स्वर’ असावा म्हणणारे पाच असे दोन तट पडले. अकरावा मी. पण खुळखुळ्याला मत असावं की नाही यावरच दोन्ही तटांचं एकमत होऊन ते नाही असं ठरलं.

तर २५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता आणि पहाटे सहा वाजता आमची पाडवा पहाट. दोन महिने तालमी झालेल्या. प्रवेशिका घरोघरी वाटून, म्हणजे लोकांनी नको म्हणायच्या आत त्यांच्या हातात कोंबून झालेल्या. निवेदकांनी चोवीस पानी निवेदन लिहिलं होतं. त्यात पहिली सहा पानं चैत्रपालवीवर होती आणि पहिलं गाणं सातव्या पानावर होतं. मार्चच्या मध्याला नाट्यगृहं बंद झाली आणि नेमक्या पाडव्याच्या पहाटेपासून सगळा देशच बंद झाला. आमच्यापैकी प्रत्येकाला मनातून वाटलं की आपला एक अवघड तुकडा वाचला. तोंडाने मात्र सगळे हळहळले. निवेदक एकटे खरोखर हळहळले. ते निवेदन त्यांनी पुढे अक्षय्य तृतीया, महाराष्ट्र दिन आणि आषाढी अशा प्रत्येक मुहूर्तावर नुसतं वरचं शीर्षक बदलून ग्रुपवर टाकलं. चैत्रपालवी आषाढातही फुटत राहिली.

त्याआधी, २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता, सगळ्या देशाने गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या होत्या. आमच्या सोसायटीत तबलेवाले राहतात. बाकीचे लोक भारावून गेले होते. हे गॅलरीत कानांवर हात ठेवून उभे. शेवटी त्यांना राहवलं नाही. ते समोरच्या इमारतीकडे ओरडले, “अहो, निदान केरवा तरी धरा! धा गे ना ती!” समोरच्यांना वाटलं, काका घोषणा देताहेत. त्यांनी दुप्पट जोराने झांजा बडवल्या. पाच मिनिटांनी सगळं शांत झालं तेव्हा तबलेवाले खिन्नपणे म्हणाले, “एकशे तीस कोटी माणसं आणि एकाचीही समेवर नजर नाही.”

आम्ही गप्प बसलो असतो. पण मार्च संपता संपता संयोजकांना कुणीतरी रॉटरडॅमच्या फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचा व्हिडिओ पाठवला. वादक आपापल्या घरी, कुणी पुस्तकांच्या कपाटापुढे, कुणी खिडकीशी, आणि पडद्यावर चौकोन जोडत जोडत बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतलं आनंदगान उभं राहतं. २०२० हे बेथोव्हेनच्या जन्माचं अडीचशेवं वर्ष, त्यामुळे त्यांना निमित्तही आयतं होतं. व्हिडिओ खरंच सुरेख होता. संयोजकांनी तो ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, ‘त्यांना जमतं तर आपल्याला का नाही?’

या प्रश्नाची उत्तरं सरळ होती. पहिलं, ते रोज रियाज करतात. दुसरं, त्यांना वाजवता येतं. पण घरात बसून भांडी घासत असलेल्या माणसाला असली उत्तरं सुचत नाहीत. आम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले.

पहिल्या तालमीचं मी सांगितलंच. दुसरीत आवाज येत होते, हीच पंचाईत झाली. एक जुनं, बऱ्यापैकी चालीचं द्वंद्वगीत घेतलं होतं. तबलेवाल्यांनी ठेका धरला. तो मोठ्या वहिनींकडे जरा उशिरा पोचला, म्हणून त्या जरा उशिरा उठल्या. त्यांचा आवाज तबलेवाल्यांकडे आणखी उशिरा आला. त्यांना वाटलं, वहिनी मागे पडताहेत, सांभाळून घ्यावं. म्हणून त्यांनी लय उतरवली. ती उतरलेली लय वहिनींकडे गेली. त्यांनी तबलेवाल्यांना सांभाळून घेतलं. असे एकमेकांना सांभाळत सांभाळत दोघेही इतके हळू झाले की पहिल्या कडव्याचं भजन झालं, दुसऱ्याची अंगाई, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत माझ्या दोन खुळखुळ्यांमध्ये उठून पाणी पिऊन येण्याइतका वेळ मिळू लागला. सभ्य माणसांनी ऑनलाइन वाजवू नये. एकाने तरी अरेरावी करावी लागते.

त्यातून मीटिंगचं ते अॅप माणसांच्या बोलण्यासाठी बनवलेलं. एकसारखा, लांबत जाणारा आवाज आला की त्याला वाटायचं पंखा चालू आहे, आणि ते तो मोठ्या अदबीने पुसून टाकायचं. तानपुरा हा त्याच्या लेखी पंखा. बासरीचा लांब धरलेला षड्ज हाही पंखा. बासरीवाले डोळे मिटून, मान हलवत, भुवया उंचावत एका अथांग शांततेत फुंकत होते. व्हायोलिनवाल्या काकांकडच्या कुकरची शिट्टी मात्र थांबत थांबत होत असल्याने जशीच्या तशी आली, आणि सर्वांत मोठा आवाज ज्याचा त्याचा चौकोन मोठा या नियमाने त्या दिवशीचा एकमेव सोलो कुकरने घेतला. तीन शिट्ट्या झाल्या. काळी चारच्या आसपास होत्या.

सगळ्यांत स्वच्छ आले निवेदक. एक अक्षर तुटलं नाही.

बासरीवाल्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. त्याने आम्हाला एका रात्री शिकवणी दिली. “काका, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे एका मिलीसेकंदात फूटभर. वादकांना एकमेकांचा आवाज पंचवीस-तीस मिलीसेकंद उशिरा आला तरी चालतो. म्हणजे आठ-दहा मीटर अंतर. तुमच्या मीटिंगमध्ये तो उशीर दोनशे धरा.”

तबलेवाले हिशेबाला पक्के. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर गुणाकार केला. “अडुसष्ट मीटर! म्हणजे मी रंगमंचावर आणि वहिनी नाट्यगृहाच्या फाटकाबाहेर रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडताहेत!”

“मी कधी भांडते?” वहिनी म्हणाल्या. पण हे दोनशे मिलीसेकंद उशिरा म्हणाल्या, तोवर विषय पुढे गेला होता.

मुलाने जॅम्युलस नावाचं एक सॉफ्टवेअर सुचवलं. एका जर्मन माणसाने बनवलेलं, फुकट, दूरदूरच्या वादकांनी एकत्र वाजवावं यासाठीच केलेलं. अट एकच: वायफायवर भागत नाही, संगणकाला थेट तार जोडायची. दुकानं उघडली त्या आठवड्यात बासरीवाल्यांनी पंधरा मीटर तार आणली. त्यांचा राउटर फ्रिजच्या डोक्यावर, आणि संगणक हलवण्याची घरच्यांनी बंदी केलेली, त्यामुळे तार स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात सगळ्यांच्या घोट्यांच्या उंचीवर ताणली गेली. पहिल्या दिवशी तिच्यात अडकून सासूबाई, दुसऱ्या दिवशी दुधाचं पातेलं. एवढं करून सबंध वाद्यवृंदात तार जोडलेले ते एकटेच. त्यामुळे ते स्वतःबरोबर अगदी अचूक लयीत वाजवू लागले.

मग संयोजकांच्या भाच्याने सूत्रं हातात घेतली. वय पंधरा, दहावीचं वर्ष, आणि चेहऱ्यावर निवृत्त न्यायाधीशाचा कंटाळा. “मामा, असं लाइव्ह कुणी करत नाही. सगळे वेगवेगळं रेकॉर्ड करतात, मग जोडतात. एरिक व्हिटाकरने २०१० मध्ये बारा देशांतले १८५ गायक असेच जोडले होते. तेव्हा मी बालवाडीत होतो.” शेवटचं वाक्य त्याने आमच्याकडे बघून म्हटलं.

त्याने सूचना पाठवल्या. फोन आडवा धरा. एका कानात हेडफोन घाला, त्यात क्लिक वाजेल, त्या टकटकीवर वाजवा. पंखा बंद ठेवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे सगळ्यांचं जुळवता येईल.

एवढ्याशा चार ओळींतून किती अर्थ निघावेत? पाच जणांनी फोन उभा धरला. दोघांनी फोन आडवा ठेवून स्वतःही त्याच्यापुढे आडवे झाले. टाळी मोठ्या वहिनींनी शेवटी वाजवली. “मला वाटलं दाद द्यायची आहे.” धाकट्या वहिनींनी प्रत्येक कडव्यानंतर वाजवली. निवेदकांनी टाळीचं महत्त्व सांगणारं पावणेदोन मिनिटांचं प्रास्ताविक केलं आणि टाळी वाजवायची राहून गेली. क्लिकवरून तर तबलेवाले राजीनाम्यापर्यंत गेले. “चाळीस वर्षं लोक माझ्या ठेक्यावर चालले. आता मी त्या सुतारपक्ष्याच्या मागे जाऊ?” त्यांनी क्लिक न ऐकता वाजवलं आणि भाच्याला निरोप पाठवला की टकटक माझ्यामागून चालत नाहीये, तिला समज द्या.

माझं रेकॉर्डिंग मी मे महिन्यात, भर दुपारी, पंखा बंद करून, बेडरूमचं दार लावून केलं. गाणं चार मिनिटं दहा सेकंदांचं. चार मिनिटं दहा सेकंद खुळखुळा एकट्याने हलवत बसणं ही काय चीज आहे हे ज्याने केलं त्यालाच कळेल. रंगमंचावर गाणं असतं, दिवे असतात, वहिनींच्या पैठणीकडे लोकांचं लक्ष असतं. इथे समोर फोन, फोनमध्ये मी. पहिल्या टेकला कावळा आला. दुसऱ्याला सोसायटीच्या भोंग्यावरून ‘बी विंगच्या रहिवाशांनी दूध घेऊन जावे’. चौथ्याला बायको दार न उघडता बाहेरून म्हणाली, “अहो, संपलं का? मला कपाटातून चादर हवीय.” सातवा टेक अप्रतिम चालला होता, साडेतीन मिनिटांनी लक्षात आलं की रेकॉर्डचं बटण दाबलेलं नाही. अकराव्याला वरच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. “तांदूळ पाखडताय का? थोडे आमचेही टाका त्यात, सूप मोडलंय.”

सव्विसाव्या टेकला सगळं निर्विघ्न पार पडलं. घाम पुसून मी ते ऐकलं.

ते ऐकायला नको होतं. नाट्यगृहात आपण स्वतःला कधी ऐकतच नाही. बेसूर झालं तर मॉनिटर नव्हता म्हणायचं, बेताल झालं तर हॉल घुमतो म्हणायचं, आणि दोन्ही एकदम झालं तर साउंडवाल्याकडे बघायचं. आम्ही नऊ वर्षं साउंडवाल्याकडे इतकं बघितलंय की प्रेक्षकांना तोच मुख्य कलाकार वाटत असावा. आता साउंडवाला नव्हता, हॉल नव्हता, पुढे लपायला कोंगो नव्हता. होता फक्त एक खुळखुळा. कधी घाईने, कधी विचारात पडून, आणि दुसऱ्या कडव्यात तर गाण्याशी काडीचा संबंध नसल्यासारखा वाजत होता.

हा अनुभव एकट्या माझा नव्हता. त्या आठवड्यात ग्रुपवर विलक्षण शांतता होती. मोठ्या वहिनी तीन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की फोनचा माइक खराब आहे. तो त्यांच्या बहिणीचा आवाज धरतो. व्हायोलिनवाल्या काकांनी आर्द्रतेवर लिहिलं. ऑक्टोपॅडवाला आमच्यातला त्यातल्या त्यात तरुण, चौपन्न वर्षांचा, तो म्हणाला, “मला वाटायचं हे सगळं तुमच्यामुळे होतं.” यातला ‘तुमच्यामुळे’ कुणाला उद्देशून होता हे त्याने सांगितलं नाही, त्यामुळे दहाही जण रागावले.

आणि भाच्याकडे एक यंत्रविद्या होती, तीत आवाजाचं चित्र दिसतं आणि मागे आखलेल्या रेषा. कोण रेषेच्या आधी, कोण नंतर, हे डोळ्यांनी दिसतं. त्याने निरागसपणे यादीच टाकली. बासरी: ९० मिलीसेकंद उशिरा. व्हायोलिन: ४० लवकर. तबला: क्लिकशी संबंध नाही. खुळखुळा: नुसतं प्रश्नचिन्ह.

“अरे, प्रश्नचिन्ह म्हणजे काय?” मी त्याला फोन करून विचारलं.

“काका, लवकर की उशिरा ते सांगायला कुठल्या ठोक्याच्या, ते कळायला हवं ना.”

पुढचे दोन महिने त्याने ते अकरा तुकडे अभ्यास बुडवून सरळ केले. मधल्या काळात, २२ जूनला, बार्सिलोनाच्या लिसेऊ या ऑपेरागृहाने बंदीनंतरचा आपला पहिला कार्यक्रम केला आणि प्रेक्षक म्हणून खुर्च्यांवर २२९२ झाडांच्या कुंड्या ठेवल्या. चार वादकांनी त्या हिरव्या हाउसफुल्लपुढे पुचिनीची रचना वाजवली. रचनेचं नावच ‘शेवंतीची फुलं’ असं. नंतर ती झाडं रुग्णसेवा करणाऱ्यांना भेट दिली. मी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. बायको कढीपत्ता निवडत होती. ती म्हणाली, “तुम्हीही झाडंच बोलवा. निदान मध्यंतरात उठून जायची नाहीत.”

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मिश्रण तयार झालं. भाच्याने ते सगळ्यांना ऐकायला दिलं आणि त्या दिवसापासून त्याचा फोन थांबेना. बासरीवाल्यांचं म्हणणं, बाकी उत्तम आहे, फक्त बासरी जरा वर घे. व्हायोलिनवाल्या काकांचं, बाकी उत्तम आहे, व्हायोलिन जरा वर घे. मोठ्या वहिनींचं म्हणणं की त्यांना स्वतःसाठी काही नको, फक्त धाकटीचा आवाज थोडा खाली आण. मीही फोन केला. खोटं कशाला बोलू? प्रश्नचिन्ह विसरून केला. “खुळखुळा अगदीच झाकला गेलाय रे. तो गाण्याचा पोत असतो.” पोत हा शब्द मी निवेदकांकडून घेतला होता.

भाचा सगळ्यांना ‘हो’ म्हणाला. दोन दिवसांनी प्रत्येकाला नवी फाइल आली. मी ऐकली. काय सांगू! पहिल्या क्षणापासून खुळखुळा. गाणं मागे कुठेतरी नम्रपणे चाललेलं आणि पुढे, कानाशी, खुळ-खुळ-खुळ-खुळ. मी ग्रुपवर लिहिलं, ‘आता तोल साधला.’ पाठोपाठ बासरीवाल्यांनी लिहिलं, ‘आता कसं अगदी समतोल वाटतंय.’ व्हायोलिनवाले काका, तबलेवाले, दोन्ही वहिनी, सगळ्यांनी एकमुखाने समतोलाचं कौतुक केलं. वाद्यवृंदाच्या इतिहासात एवढं एकमत माझ्या मताबद्दलच्या त्या ठरावानंतर प्रथमच झालं. माझे तर डोळे पाणावले.

२२ ऑगस्टला गणपती बसले आणि संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ सगळ्यांसाठी खुला झाला. मी तो पहिल्या रात्री एकोणीस वेळा पाहिला. चौकोनांच्या तीन ओळी, खालच्या ओळीत उजव्या कोपऱ्यात इस्त्रीच्या झब्ब्यात मी. निवेदकांना गाण्याआधी वीस सेकंद मिळाले होते, त्यात त्यांची चैत्रपालवी जेमतेम फुटली. नातेवाइकांनी भरभरून लिहिलं. सांगलीच्या मेव्हण्याने मला खास फोन केला: “भावजी, सगळ्यांत तुमचं वाजवणं जास्त आवडलं. काय सफाई!”

सकाळी, व्हिडिओ टाकला होता त्या संकेतस्थळाची सूचना आली की या गाण्याचे हक्क अमुक कंपनीकडे आहेत, जाहिरातीचे पैसे झाले तर ते तिला जातील. संयोजक घाबरले. मला मात्र गहिवरून आलं. यंत्राने, कुणीही न सांगता, आपण होऊन ओळखलं होतं की हे तेच गाणं आहे! हे आमच्या प्रेक्षकांना दुसऱ्या कडव्याच्या आत कधी जमलेलं नाही.

सफाईचा उलगडा चार दिवसांनी झाला. गौरी-जेवणाच्या निमित्ताने मी डबा घेऊन संयोजकांकडे गेलो होतो, दारातच भाचा भेटला. म्हटलं, “अरे, माझ्याकडच्या फाइलीत खुळखुळा छान ऐकू येतो, त्या व्हिडिओत नाही येत. फोनचा दोष असेल का?”

तो पुरणपोळी घेता घेता थांबला. एवढा वेळ न्यायाधीशासारखा असलेला पोरगा एकदम पंधरा वर्षांचा दिसायला लागला.

“काका, रागावणार नाही ना? फाइली अकरा केल्या होत्या. प्रत्येकाची वेगळी. व्हिडिओला बारावी लावली.”

“आणि बारावीत मी?”

“दिसता ना.”

म्हणजे त्या ‘समतोल’ ग्रुपमध्ये अकरा जण अकरा वेगवेगळ्या गाण्यांचं कौतुक करत होते, आणि माझा खुळखुळा वाजलेली प्रत जगात एकच होती, ती माझ्याजवळ होती. मी क्षणभर रागवायचा विचार केला. मग मेव्हण्याचा फोन आठवला. नुसतं दिसून एवढी सफाई वाटत असेल तर वाजवण्याचा हट्ट कशाला? मी त्याला आणखी एक पोळी दिली आणि हे बाकी कुणाला सांगू नकोस म्हणालो. तो म्हणाला, “बासरीवाल्या आजोबांनीपण हेच सांगितलंय.”

५ नोव्हेंबरपासून राज्यातली नाट्यगृहं निम्म्या प्रेक्षकांत उघडायला परवानगी मिळाली. मोठमोठ्या नाट्यसंस्थांना या अर्ध्या प्रेक्षागृहाचं गणित कसं बसवायचं याची चिंता होती. आमच्या संयोजकांचा चेहरा मात्र उजळला. “निम्मे म्हणजे आपले नेहमीचेच! या वेळी प्रथमच हाउसफुल्लचा बोर्ड लावता येईल.”

जानेवारीत कार्यक्रम ठरला. एकाआड एक खुर्चीवर फुलीची पट्टी चिकटवलेली. त्यामुळे एरवी शेजारी बसून लग्नं जमवणाऱ्या बायकांना गाणी ऐकण्यावाचून इलाज नव्हता. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, म्हणजे जांभया दिसणार नाहीत हा आमचा मोठाच फायदा. निवेदक माइकपुढे आले, त्यांनी घसा खाकरला, आणि दहा महिन्यांच्या सवयीने म्हणाले, “आवाज येतोय का?” निम्म्या प्रेक्षागृहाने मुकाट्याने अंगठे वर केले.

त्याआधी, पडदा पडलेला असताना, मी माझ्या जागेवर गेलो होतो. कोंगोच्या मागे, विंगेला लागून. साउंडवाला नेहमीप्रमाणे माझ्यापुढे माइक ठेवत होता. मी त्याला म्हटलं, “अरे, मला नको माइक. उगाच तुझा एक चॅनल अडतो.”

“नाही हो काका, असू द्या. तो काढला तर बॅलन्स जातो.”

मला बरं वाटलं. पंधरा वर्षांच्या पोराला कळत नाही ते वीस वर्षं धंद्यात असलेल्या माणसाला कळतं. “म्हणजे आवाजाचा?”

“फोटोचा,” तो म्हणाला. “त्या बाजूला मोकळं दिसतं.”

नऊ वर्षांत त्या माइकची वायर कुठे जाते हे मी कधी पाहिलं नव्हतं. या वेळी वाकून पाहिलं. ती नीट गुंडाळून, रबर लावून, माझ्याच खुर्चीखाली ठेवलेली होती.

तिसरी घंटा झाली. मी झब्बा सारखा केला आणि माइकच्या थोडा जवळ सरकून बसलो.